स्टॅट्सगुरू: छोट्या बेटाच्या क्रिकेटपटूचं कार्ड काढताना

सांगली-मिरजेकडच्या टेनिस बॉल स्पर्धांत माइक धरणारे, शाळा-कॉलेजांच्या क्विझसाठी प्रश्न काढणारे आणि स्थानिक दैनिकात क्रीडा पान लावणारे, या तिघांच्याही मोबाईलवर ईएसपीएन क्रिकइन्फोचं स्टॅट्सगुरू, म्हणजे क्रिकेटची आकडेवारी शोधण्याचं पान, उघडलेलं असतं. पैसे पडत नाहीत, लॉगिन लागत नाही, जाहिराती तेवढ्या सोसायच्या. ट्रॅव्हिस बसेवी या माणसाने ते उभं केलं आणि वीसेक वर्षांत त्याच्या तोडीचं मोफत काही आलेलं नाही. आता याची परीक्षा तेंडुलकरवर घेण्यात अर्थ नाही. त्याची शंभर शतकं कुठल्याही चहाच्या गाड्यावर तोंडपाठ मिळतात. परीक्षा घ्यायची तर अशा नावावर, ज्याची कारकीर्द निम्मी उजेडात आणि निम्मी अंधारात आहे. म्हणून बर्म्युडाचा ड्वेन लेव्हरॉक.

नाव विसरला असाल, पण झेल विसरला नसाल. १९ मार्च २००७, पोर्ट ऑफ स्पेनचं क्वीन्स पार्क ओव्हल, वर्ल्ड कप. बांगलादेशकडून हरून दोनच दिवस झाले होते आणि भारताला जिंकावंच लागणार होतं. सतरा वर्षांच्या मलाकाय जोन्सचा पहिलाच चेंडू, उथप्पाची कड, आणि पहिल्या स्लिपमध्ये उभ्या असलेल्या सव्वाशे किलोच्या लेव्हरॉकने उजवीकडे झेप टाकून एका हातात पकडलेला झेल. त्यानंतर तो मैदानभर पळत सुटला. पुढे सेहवागने ११४ केल्या, भारताने ५ बाद ४१३ रचल्या, जी तेव्हा वर्ल्ड कपमधली सर्वोच्च धावसंख्या होती, आणि २५७ धावांनी मॅच घेतली. पण आपल्याकडच्या गप्पांत त्या मॅचमधून उरला तो झेलच.

लेव्हरॉक डावखुरा फिरकी गोलंदाज. नोकरी पोलिसात, कैद्यांची गाडी चालवण्याची. बर्म्युडाची लोकसंख्या साठ-पासष्ट हजार, म्हणजे सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या साधारण आठवा हिस्सा. राजकीयदृष्ट्या तो ब्रिटनच्या ताब्यातला प्रदेश, पण आयसीसीच्या दृष्टीने स्वतंत्र संघ. तिथल्या खेळाडूचं कार्ड, म्हणजे कारकिर्दीच्या आकड्यांचं पान, नीट काढता आलं, तर स्टॅट्सगुरूवर कुणाचंही काढता येईल.

सुरुवात शोधापासून. पानावर खेळाडू शोधण्याची चौकट आहे, तिथे फक्त आडनाव टाकायचं. पूर्ण नाव टाकलं की अडचण होते, कारण यादीत नावं आद्याक्षरांनी आहेत आणि आपण 'ड्वेन'चं स्पेलिंग हमखास चुकतो. आडनाव टाकल्यावर ड्वेन आणि कमाऊ असे दोन लेव्हरॉक पुढे येतात, दोघेही बर्म्युडाचे. कमाऊ नंतरच्या पिढीचा. इथे घाई केली तर एकाची आकडेवारी दुसऱ्याच्या नावावर जाते. प्रत्येक नावापुढे प्रकारानुसार दुवे असतात: वन डे, टी-ट्वेंटी, आणि सगळं एकत्र. पहिल्यांदा नेहमी वन डेवर जा. एकत्र आकड्यांनी कुणाचंही भलं झालेलं नाही, कारण चार षटकांचा स्पेल आणि दहा षटकांचा स्पेल एका सरासरीत कोंबले जातात.

उघडल्यावर मूळ आकडे दिसतात: ३२ सामने, ३४ बळी, सर्वोत्तम कामगिरी ५३ धावांत ५. बर्म्युडाने एकूण वन डे खेळल्या ३५. म्हणजे देशाच्या सबंध वन डे इतिहासात लेव्हरॉक फक्त तीन वेळा संघाबाहेर राहिला. हा आकडा मात्र त्याच्या पानावर मिळत नाही. त्यासाठी संघाची नोंद वेगळी काढून शेजारी ठेवावी लागते. कॉमेंट्रीत '३४ बळी' म्हटलं तर कुणी मान वर करत नाही, '३५ पैकी ३२ सामने आणि देशाकडून सर्वाधिक बळी' म्हटलं की चित्र उभं राहतं. छोट्या संघाच्या खेळाडूचा आकडा संघाच्या आकड्याशेजारी ठेवल्याशिवाय बोलत नाही. स्टॅट्सगुरू ते आपणहून करत नाही, तुम्हाला करावं लागतं.

आता खरी मजा 'व्ह्यू' बदलण्यात आहे. बहुतेक लोक पहिल्या पानावरच थांबतात आणि तिथूनच परत जातात. चार व्ह्यू कायम उपयोगाचे. 'करिअर समरी' म्हणजे प्रतिस्पर्धी, देश, वर्ष अशा फोडी. 'इनिंग्ज लिस्ट' म्हणजे एकेक डाव तारखेनुसार. 'ग्राउंड' म्हणजे मैदानवार. आणि 'डिसमिसल लिस्ट', जी गोलंदाजासाठी सोनं आहे: कुणाला, कसं, कुठे बाद केलं. लेव्हरॉकची ही यादी उघडली की भारताविरुद्धचा एकमेव बळी दिसतो: सौरव गांगुली, ८९, यष्टिचीत मायनर्स (बर्म्युडाचा यष्टिरक्षक). त्या दिवशी त्याने १० षटकांत ९६ दिल्या, म्हणून त्याची थट्टा झाली. पण शतकाच्या उंबरठ्यावर आलेल्या गांगुलीला पुढे ओढून यष्टिचीत करणं हे डावखुऱ्या फिरकीपटूचं निखळ काम आहे, आणि ते फक्त या यादीत दिसतं.

झेल मात्र इथे एकदम गरीब होतो. फिल्डिंगच्या रकान्यात उथप्पाचा तो झेल म्हणजे फक्त 'एक'. मिड-ऑफला हातात आलेला लाडू आणि स्लिपमध्ये एका हाताने घेतलेली झेप, दोन्हींची किंमत तिथे सारखीच. जोन्सचा तो वर्ल्ड कपमधला पहिलाच चेंडू होता, हेही इथे नाही. हा स्टॅट्सगुरूचा दोष म्हणता येणार नाही, आकड्यांच्या पानाचं ते काम नव्हे. पण क्विझमध्ये 'त्या झेलाचा गोलंदाज कोण' असा प्रश्न घालायचा असेल तर उथप्पाच्या डावाची ओळ काढा. तिथे झेल लेव्हरॉक, गोलंदाज जोन्स, धावा ३ हे स्वच्छ मिळतं.

इथपर्यंत सगळं लय भारी. आता मुख्य तक्रारीकडे.

स्टॅट्सगुरू मुख्यतः अधिकृत आंतरराष्ट्रीय सामने मोजतं: कसोटी, वन डे, टी-ट्वेंटी आंतरराष्ट्रीय, महिलांचे हेच तीन प्रकार, आणि काही युवा सामने. प्रथम श्रेणी (रणजीसारखे अनेक दिवसांचे सामने) नाही, लिस्ट ए (वन डेच्या खालचे मर्यादित षटकांचे सामने) नाही, सराव सामने तर नाहीतच. ऑस्ट्रेलिया किंवा इंग्लंडच्या खेळाडूला याचा फारसा फटका बसत नाही, कारण त्याचं मोठं काम अधिकृत सामन्यांतच झालेलं असतं. बर्म्युडाचं गणित वेगळं आहे. २००५ मध्ये आयर्लंडला झालेल्या आयसीसी ट्रॉफीत बर्म्युडा चौथा आला आणि वर्ल्ड कपचं तिकीट मिळालं. पण वन डेचा दर्जा लागू झाला १ जानेवारी २००६ पासून. म्हणजे ज्या सामन्यांमुळे हा संघ जगाला माहीत झाला, ते सामने वन डे नव्हेत, लिस्ट ए आहेत. त्यामुळे स्टॅट्सगुरूत लेव्हरॉकचा जन्म मे २००६ मध्ये, कॅनडाविरुद्ध पोर्ट ऑफ स्पेनला होतो. तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. ज्याच्या कार्डावर पदार्पण चौतिसाव्या वर्षी दिसतं, तो चौतीस वर्षं घरी बसला होता असं कुणी समजू नये. कार्डाचा मृत्यूही तसाच. २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या पात्रता फेरीत बर्म्युडा नववा आला, पहिल्या सहांत नव्हता म्हणून वन डे दर्जा गेला. त्या तारखेला कार्ड बंद. खेळाडू संपला की दर्जा संपला, हे पान सांगत नाही. दोन्हीकडे फक्त शेवटची तारीख दिसते.

म्हणून छोट्या देशाच्या कुठल्याही खेळाडूचं कार्ड वाचण्याआधी एक काम करा. त्याच्या संघाला दर्जा कधी मिळाला आणि कधी गेला या दोन तारखा कागदावर लिहा. त्यांच्या बाहेरचं सगळं स्टॅट्सगुरूसाठी अस्तित्वातच नाही. हे एक पाऊल टाळलं की वर्तमानपत्रात 'अवघ्या तीन वर्षांची कारकीर्द' असली वाक्यं छापून येतात.

सराव सामन्यांचं उदाहरण तर बोलकं आहे. मार्च २००७ मध्ये वर्ल्ड कपच्या आधी सेंट व्हिन्सेंटला इंग्लंडशी सराव सामना झाला. त्यात लेव्हरॉकने ३२ धावांत २ बळी घेतले, आणि ते दोन म्हणजे पॉल कॉलिंगवूड आणि केविन पीटरसन. स्टॅट्सगुरूच्या बळींच्या यादीत पीटरसन शोधत बसलात तर सापडणार नाही. कारण सोपं आहे: सराव सामन्यात अकरापेक्षा जास्त खेळाडू फिरवता येतात, त्यामुळे त्याला वन डेचा दर्जा नसतो. नियम बरोबरच आहे. पण फिरकीपटूच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शिकार त्याच्या कार्डावर नसावी, ही त्या नियमाची किंमत आहे. बर्म्युडाचाच डेव्हिड हेम्प घ्या. भारताविरुद्धचे त्याचे नाबाद ७६ इथे आहेत. त्याच्या काही महिने आधी इंटरकॉन्टिनेंटल कपमध्ये, म्हणजे छोट्या देशांच्या अनेक दिवसांच्या स्पर्धेत, नेदरलंड्सविरुद्ध त्याने काढलेल्या नाबाद २४७ नाहीत, कारण तो सामना प्रथम श्रेणीचा. आणि बेटावरच्या लोकांना विचाराल तर त्यांच्यासाठी सगळ्यात मोठं क्रिकेट म्हणजे सेंट जॉर्जेस आणि सॉमरसेट यांच्यातली दरवर्षीची दोन दिवसांची कप मॅच. तिच्यासाठी सरकारी सुट्टी असते. स्टॅट्सगुरूत तिचा मागमूस नाही.

हे फक्त दूरच्या बेटांचं दुखणं आहे असं वाटत असेल तर आपल्या गावाकडे वळा. विजय हजारे सांगलीचे, जन्म ११ मार्च १९१५. स्टॅट्सगुरू दाखवतं: ३० कसोटी, २१९२ धावा, सरासरी ४७.६५, ७ शतकं. ॲडलेडची ११६ आणि १४५ ही एकाच कसोटीतली दोन शतकं आहेत. १९४७-४८ च्या त्या मालिकेत त्यांनी ब्रॅडमनचा दोनदा त्रिफळा उडवला, सिडनीत १३ वर आणि ॲडलेडला २०१ वर, तेही डिसमिसल लिस्टमध्ये सापडतं. पण बडोद्याकडून होळकरविरुद्धच्या १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात गुल मोहम्मदबरोबर रचलेली ५७७ ची भागीदारी नाही. महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध पुण्यात केलेल्या नाबाद ३१६ नाहीत. पेंटँग्युलरमध्ये, म्हणजे धर्मवार संघांच्या जुन्या स्पर्धेत, 'रेस्ट' या संघाच्या ३८७ पैकी एकट्याच्या ३०९, त्याही नाहीत. गंमत अशी की ५७७ चा विक्रम ज्यांनी मोडला ते संगकारा आणि जयवर्धने, म्हणजे पुन्हा एका बेटाचे दोघे. कोलंबो, जुलै २००६, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ६२४. ती कसोटी असल्यामुळे स्टॅट्सगुरूच्या भागीदारीच्या यादीत ती सगळ्यात वर आहे. मोडणारे दिसतात, ज्यांचा मोडला ते दिसत नाहीत. सांगलीतल्या कुणी भागीदारीचे विक्रम शोधताना हे पान उघडलं आणि हजारे दिसले नाहीत म्हणून त्यांचं नाव गाळलं, तर चूक पानाची नाही, पान कसलं आहे हे न बघणाऱ्याची आहे.

माधवनगरची स्मृती मानधना हाही तसाच मासला. गोल्ड कोस्टला २०२१ मध्ये गुलाबी चेंडूच्या कसोटीत केलेल्या १२७ इथे आहेत. २०१३ मध्ये बडोद्यात १९ वर्षांखालच्या पश्चिम विभागीय स्पर्धेत गुजरातविरुद्ध काढलेल्या नाबाद २२४ नाहीत. शिवाय महिलांचे प्रकार वेगळे निवडावे लागतात. पुरुषांच्या वन डेत राहून 'मानधना' शोधलं की निकाल रिकामा येतो आणि माणूस म्हणतो साइट बंद आहे. साइट चालू असते, खण चुकलेला असतो.

गाळण्यांकडे (फिल्टर) येऊ, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. 'होम', 'अवे' आणि 'न्यूट्रल' असे तीन पर्याय आहेत. आपल्याला सवय 'घरचं' आणि 'परदेशातलं' एवढ्या दोनची. म्हणून परदेशातली कामगिरी हवी असली की लोक फक्त 'अवे'वर टिक करतात. भारत-बर्म्युडा सामना त्रिनिदादला झाला, तो दोघांसाठीही न्यूट्रल. 'अवे'वर टिक केली की तो सामना गायब, आणि वर्ल्ड कपचे तिन्ही सामने गायब. छोट्या देशांचे बरेच सामने पात्रता स्पर्धांत, तिसऱ्याच देशात होतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत न्यूट्रलचा खण मोठा असतो. बाहेरची कामगिरी हवी असेल तर 'अवे' आणि 'न्यूट्रल' दोन्हींवर टिक करा.

दुसरा खड्डा वेस्ट इंडिजचा. 'कुठल्या देशात' ही गाळणी लावली की त्रिनिदाद, बार्बाडोस, अँटिगा, सेंट व्हिन्सेंट सगळी वेस्ट इंडिज या एकाच नावाखाली येतात. संघाचंही तसंच. अँटिगाचा संघ म्हणून काही निवडता येत नाही. व्हिव्ह रिचर्ड्स, अँडी रॉबर्ट्स, अँब्रोज हे अँटिगाचे, पण कार्डावर देश वेस्ट इंडिज. डॅरेन सॅमी सेंट लुसियाकडून कसोटीपर्यंत पोचलेला पहिला खेळाडू, २००७ मध्ये मँचेस्टरला पदार्पणातच ६६ धावांत ७ बळी. 'सेंट लुसियाचे कसोटीपटू' अशी यादी स्टॅट्सगुरूकडून मागाल तर मिळणार नाही, कारण जन्मस्थानाची गाळणीच नाही. ते क्रिकइन्फोच्या खेळाडूच्या प्रोफाइलवर एकेकाचं बघावं लागतं. छोट्या बेटांवरचे क्रिकेटपटू दोन जातींचे: स्वतःच्या झेंड्याखाली खेळणारे, आणि अनेक बेटांच्या सामायिक टोपीखाली खेळणारे. स्टॅट्सगुरू पहिल्या जातीला नाव देतं, दुसऱ्या जातीला फक्त टोपी. मैदानांच्या यादीवरून थोडी वाट काढता येते, सेंट लुसियाचं किंवा अँटिगाचं मैदान निवडून. पण त्यातून तिथे झालेले सामने मिळतात, तिथले खेळाडू नव्हेत.

तिसरी गोष्ट किमान अटींची. सरासरीनुसार यादी लावली की एका सामन्यात एक बळी घेतलेला कुणीतरी पहिला येतो. चौकशीच्या पानावर तळाशी 'क्वालिफिकेशन्स'चा भाग आहे, तिथे किमान बळी किंवा किमान डाव टाका. असोसिएट देशांसाठी, म्हणजे कसोटी दर्जा नसलेल्या सदस्यांसाठी, ही अट खाली ठेवावी लागते. शंभर बळींची अट लावली तर बर्म्युडाचं कुणीच उरणार नाही, वीसची लावली तर लेव्हरॉक दिसतो. किती ठेवायची ते आधी ठरवा आणि छापताना अटीसकट छापा.

टी-ट्वेंटीत हा मुद्दा दसपट होतो. १ जानेवारी २०१९ पासून आयसीसीच्या सगळ्या सदस्य देशांचे पुरुषांचे आपसातले टी-ट्वेंटी सामने आंतरराष्ट्रीय धरले जातात. त्यामुळे विक्रमांच्या याद्या पार पालटल्या. आयल ऑफ मॅन फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पेनविरुद्ध १० धावांत बाद झाला, नोव्हेंबर २०२४ मध्ये आयव्हरी कोस्ट नायजेरियाविरुद्ध ७ वर. नीचांकांची यादी अटीविना काढली की वर हेच. लेव्हरॉकच्या काळी दर्जा ही मोजक्यांची चैन होती, आज बेटावरच्या विशीतल्या पोराचं कार्ड दोन प्रादेशिक स्पर्धांत भरतं. दोघांचे सामने आणि बळी शेजारीशेजारी ठेवून 'हा त्याच्यापेक्षा मोठा' असं म्हणणं निव्वळ वेडेपणा. तुलना करायचीच तर प्रतिस्पर्ध्यांच्या गाळणीत मोजक्या देशांवर टिक करा आणि दोघांनाही त्याच चाळणीतून काढा.

आता बेरजेचं. एखादा सामना वगळून कामगिरी बघायची असते. उदाहरणार्थ, भारताविरुद्धचे १० षटकांतले ९६ बाजूला ठेवून लेव्हरॉक किती काटेकोर होता? 'हा सामना सोडून' असा पर्याय स्टॅट्सगुरूत नाही. दोन तारखांच्या पट्ट्या काढून जोडता येतात, पण सोपा मार्ग हाताने: एकूण दिलेल्या धावांतून ९६, षटकांतून १०, बळींतून १ वजा करा, म्हणजे ३३ बळी उरतात, आणि मग भागाकार करा. इकॉनॉमी, म्हणजे षटकामागे दिलेल्या धावा, खाली येते, कारण त्या दिवशीची ९.६० होती. इथे हमखास होणारी चूक म्हणजे सरासऱ्यांची सरासरी काढणं. दोन पट्ट्यांच्या सरासऱ्या बेरजून दोनने भागल्या की उत्तर चुकलंच. धावा धावांत, बळी बळींत, आणि शेवटी एकदाच भागाकार. षटकांतही दशांश चिन्ह फसवं असतं: ८.४ म्हणजे आठ षटकं चार चेंडू, आठ पूर्णांक चार दशांश नव्हे. आधी चेंडू करा. हजाऱ्यांच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तर षटक आठ चेंडूंचं होतं, तिथे चेंडूंशिवाय दुसरा मार्गच नाही. जुन्या सामन्यांत खेळलेले चेंडू किंवा चौकार नोंदलेले नसतील तर रकान्यात आडवी रेघ येते, आणि अर्धवट माहिती असेल तर आकड्यापुढे अधिकचं चिन्ह. ते चिन्ह म्हणजे 'किमान इतके'. छापताना ते गाळणारे बरेच आहेत.

आकडे बाहेर काढण्याची सोय मात्र मागासलेली. फाइल उतरवण्याचं बटण नाही. पानावर जास्तीत जास्त २०० ओळी घेता येतात, तेवढ्या घेऊन तक्ता निवडायचा, कॉपी करायचा आणि एक्सेलमध्ये चिकटवायचा. इथे एक्सेल घोळ घालतं. ५/५३ ही लेव्हरॉकची सर्वोत्तम कामगिरी चिकटवल्याबरोबर मे १९५३ होते, भारताविरुद्धचे १/९६ जानेवारी १९९६ होतात. नंतर फॉरमॅट बदलून काही उपयोग नाही, मूळ आकडा गेलेला असतो. चिकटवण्याआधी तो रकाना 'टेक्स्ट' करून ठेवा आणि पेस्ट करताना डेस्टिनेशन फॉरमॅट निवडा. दुसरं, नाबादची चांदणी. ७६* हा एक्सेलसाठी आकडा नाही, अक्षरं आहेत, त्यामुळे बेरजेत तो गुपचूप वगळला जातो आणि एरर येत नाही. चांदणी काढायला फाइंड-रिप्लेस वापरा, पण शोधताना चांदणीच्या आधी टिल्डचं चिन्ह टाका. नुसती चांदणी शोधली तर एक्सेल तिचा अर्थ 'काहीही' असा घेतं आणि सगळा रकाना पुसतं. नाबादची संख्या आधी वेगळ्या रकान्यात मोजून ठेवा, नाहीतर सरासरी काढताना भागाकार डावांनी होईल.

मोबाईलवर वापरणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. बाकी क्रिकइन्फोचं रूप बदललं, स्टॅट्सगुरू जुन्याच वेशात आहे. तक्ते रुंद, आडवं सरकवावं लागतं, आणि गाळण्यांचं पान पूर्ण भरायला फोन आडवा धरावा लागतो. स्टेडियमवर मॅच चालू असताना माइक एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात असेल तर विसरा. तयारी आदल्या रात्री संगणकावर करा आणि लागणारी पानं बुकमार्क करून ठेवा. चांगली बाब अशी की प्रत्येक चौकशीचा पत्ता कायमचा असतो, तोच दुवा महिन्याने उघडला तर ताजे आकडे देतो. मराठीचं नावही नाही, सगळं इंग्रजीत. पण शब्द पन्नासच्या वर नाहीत, आठवड्यात अंगवळणी पडतात.

ज्यांना गाळण्या नको वाटतात त्यांच्यासाठी क्रिकइन्फोनेच 'आस्कक्रिकइन्फो' ठेवलं आहे, साध्या इंग्रजीत प्रश्न विचारा, उत्तर घ्या. मोठ्या नावांसाठी झटपट. पण प्रश्नाचा अर्थ यंत्राने कसा लावला ते उत्तरावर वाचल्याशिवाय वापरू नये. आयसीसी ट्रॉफी, प्रथम श्रेणी, कप मॅच असल्या नोंदी हव्या असतील तर क्रिकेटआर्काइव्ह ही साइट. त्याचा आवाका खूपच मोठा आहे, पण पैसे भरावे लागतात. छोट्या देशांवर किंवा रणजीच्या जुन्या काळावर नियमित लिहिणाऱ्याने वर्गणी भरावी, वर्षातून एखादा प्रश्न पडणाऱ्याने भरू नये. त्याच्यासाठी क्रिकइन्फोच्या प्रोफाइलवरची प्रथम श्रेणी आणि लिस्ट ए यांची एकेक ओळ पुरते. तिथे फोड मिळत नाही, पण एकूण आकडा तरी हाती लागतो.

आणि आपल्याकडच्या स्पर्धांसाठी स्कोअर टाकण्याचं क्रिकहिरोज ॲप आहेच. त्याचं धोरण स्टॅट्सगुरूच्या अगदी उलटं: दर्जा-बिर्जा काही नाही, ज्याने स्कोअर टाकला त्याची मॅच मोजली. टेनिस आणि लेदर बॉलचे आकडे वेगळे बघता येतात, ते वेगळेच बघा. तिथे चूक होते ती वेगळ्या जागी. स्कोअररने ऐन वेळी नवा खेळाडू म्हणून नाव घातलं की एकाच पोराची दोन कार्डं तयार होतात, एकात बळी आणि दुसऱ्यात धावा. टॉसच्या आधी दोन्ही संघांची यादी मोबाईल नंबरावरून जोडून घेतली तर हे टळतं, आणि त्याला दहा मिनिटं लागतात.